येळवशीच्या भज्जीत सोळा जिन्नस, आपल्या रानातले किती?

कोपीतली

परवा येळवस, म्हणजे वेळ अमावस्या झाली. आमचं गाव औसा तालुक्यात. शिकायला मी परभणीत असते, पण येळवशीला घरी नाही असं एकदाही झालेलं नाही. आई पहाटे तीनला उठून भज्जी, म्हणजे दाण्या-पाल्याची बेसन लावलेली मिसळीची भाजी चढवते आणि मी चुलीपाशी बसून दाणे सोलते. सोलता सोलता यंदा मोजत गेले. ओली तूर, सोलाणे, मटार, वाल, पावटा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, लसणाची पात, गाजर, वांगी, हिरवी मिरची, बोरं, चिंच. सोळा.

यातलं आमच्या नऊ एकरांतलं काय? तूर आणि चिंच. चिंच बांधावरची, आजोबांनी लावलेली. हरभरा पेरलाय, पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं वाफसाच उशिरा आला, घाटे अजून लांब आहेत. बाकी सगळं आदल्या दिवशी लातूरच्या बाजारातून पिशवीत आलं. आंबिलीचं पीठ विकतच्या ज्वारीचं. रानात पूजेची कोप (खोप) करायला कडबा लागतो, तोसुद्धा बाबांनी शेजारच्या गावातून मागून आणला. आमच्या रानात ज्वारीचं धाट उभं नाही, सलग सात वर्षं.

रानात बसून जेवलो, पांडवांना नैवेद्य दाखवला, आंबील शिंपली, आणि मला सारखं वाटत राहिलं की ह्या मातीला आपण तिनं न पिकवलेलं जेवण वाढतोय.

मी एकविशीची आहे. पुढची चाळीस वर्षं ह्याच जिल्ह्यात जेवायचंय, जमलं तर पिकवायचंयसुद्धा. म्हणून विचारते, आणि माझ्या वयाच्यांना आधी विचारते: मराठवाड्याचं ताट वीस वर्षांनी कसं असावं? कुणी पिकवलेलं, कुणाला परवडणारं, किती पाण्यावर आलेलं? स्वप्न सांगा, पण पाय रानात ठेवून सांगा.

बालाघाटचा

येळवशीची आरोळी आधी: ओलगे ओलगे, सालम पोलगे! आधी भज्जी पाठवा, मग ताटाचं बोलू.

मांजराकाठ

ताई, मनाला लागलं. पण एक बाजू मांडतो, कारण असल्या चर्चेत सोयाबीनवाला शेतकरी लगेच खलनायक होतो.

मी तीन वर्षांखाली दोन एकर मालदांडी ज्वारी पेरली होती. हुरड्यात आल्यापासून पाखरं. आसपास कुणाचीच ज्वारी नाही म्हटल्यावर चार गावची पाखरं माझ्याच दोन एकरांत. आई दिवसभर पत्र्याचा डबा वाजवत बसायची, रात्री रानडुकरांसाठी मी जागायचो. काढणीला माणूस मिळेना. सोयाबीन हार्वेस्टरनं एका सकाळी मोकळं होतं. ज्वारी वाकून उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. एकरी पाच क्विंटल झाली आणि मजुरीतच निम्मी गेली. कडब्यानं तारलं, नाहीतर उघडा पडलो असतो.

सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येतं आणि आडतीवर त्याच दिवशी पैसे. पोरांची फी ज्वारीच्या कणसावर भरता येत नाही. आता सोयाबीनचंही तसं राहिलं नाही म्हणा. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता आणि दिवाळीच्या तोंडावर गरजवंतानं त्याच्या बऱ्याच खाली विकलं. माझंही तेच झालं.

आत्या_निलंगा

पोरी, तू मोजलंस ते बरं केलंस. आम्ही कधी मोजलं नाही, कारण मोजायची वेळ आली नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. आईबाप खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची. म्हणून "पूर्वी सगळं छान होतं" असं मी म्हणणार नाही. उपासमार पाहिलीय. पण त्या दुष्काळानंतरही घरोघरी बळदात (धान्याच्या कोठीत) बी होतं. राखेत घोळलेले वाल, लिंबाच्या पाल्यात ठेवलेली तूर. ज्वारीच्या पाच तासांनंतर (ओळींनंतर) एक तास करडईचा. करडईच्या काट्यानं जनावर आत शिरत नसे आणि घाण्याचं तेल घरचं. अंबाडी, तीळ, कारळ हे सगळं बाईच्या ओटीतून चाड्यावर यायचं. गड्यानं मुख्य पीक पेरायचं, मधलं बाईनं.

सोयाबीनला तणनाशक आलं आणि मधलं सगळं त्यात जळालं. जळालं ते बाईचं पीक होतं.

परभणीची_माती

आत्यांचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. रुंद पानाच्या तणावर मारायचं औषध अंबाडी-चुक्याला सोडत नाही, ही साधी गोष्ट. पण "बाईचं पीक" हा हिशेब वर्गात कुणी शिकवला नाही.

मांजराकाठ दादांच्या मजुरीच्या मुद्द्याला थोडी जोड. ज्वारी मागं पडण्याचं कारण चव किंवा पोषण नाहीच. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण २०१८ मध्ये दिलं. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, बोरसुरीच्या तूरडाळीलाही आहे. म्हणजे बी आहे, मान आहे. नाही ते बुडातून कापून पेंढी बांधणारं, दोन एकरवाल्याला परवडणारं यंत्र. वीस वर्षांनंतरचं माझं स्वप्न एवढंच: ज्वारी काढताना बाईला दिवसभर वाकावं लागू नये.

मेसचा_डबा

मी उदगीरचा, सध्या लातूरला नीटची तयारी. माझ्यासारखी हजारो पोरं इथं मेसवर जेवतात. वरण, भात, पोळी, बटाटा. भाकरी गुरुवारी. गुरुवारी मेसला रांग लागते हे लक्षात घ्या, म्हणजे पोरांना भाकरी नको असं नाही.

अभ्यास सोडून हिशेब केला (आईला सांगू नका). किलोला नऊ-दहा भाकऱ्या धरा. शंभर पोरं, रोज एकेक भाकरी: दिवसाला दहा किलो पीठ. तीनशे दिवसांचे तीन हजार किलो, म्हणजे तीस क्विंटल. मांजराकाठ दादांच्या उताऱ्यानं सहा एकर. एका मेसमागं सहा एकर! लातुरात मेस किती आहेत ते लातूरकरांना माहीतच आहे.

पुण्यातला_लातूरकर

डबा, तुझा हिशेब मला फार आवडला. आम्ही पुण्यात हुरडा पार्टीला माणशी भरमसाट पैसे मोजतो आणि कणीस भाजणाऱ्या माणसाचं नावही विचारत नाही. एक ॲप करता येईल, शेतकरी ते मेस थेट. कोडिंग मी फुकट करून देईन.

मांजराकाठ

दादा, ॲप करा, पण आधी पैशाची तारीख ठरवा. उसाचं बघा. कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ पासूनचा नियम आहे, भाव केंद्र ठरवतं. तारीख चुकते, पण निदान भांडायला कायदा आहे. म्हणून सात-साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखातही माणूस बोअर मारून ऊस लावतो. त्याला पाण्याची अक्कल नाही असं नाही. भावाची खात्री एवढ्या एकाच पिकात आहे. मेसवाल्यांनी "तीस क्विंटल, ह्या भावानं, ह्या तारखेला" असा कागद दिला तर पाखरं राखायला मी पुन्हा तयार आहे.

मेसचा_डबा

२०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी लहान होतो. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, हे घरात इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखं वाटतं. तेव्हा लातूरच्या आसपास उसाचे फड उभे होते, हेही तेवढ्याचदा ऐकलंय.

कोयता_गेवराई

ऊस निघालाच आहे तर लिहितो. मी एरवी फक्त वाचतो.

माझे आईबाबा ह्या घडीला पश्चिम महाराष्ट्रात फडावर आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दिवाळीआधी घेतली, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. दरवर्षी पाच महिने. मी आजीजवळ राहून शिकलो म्हणून इथं लिहू शकतोय. माझी बहीण सातवीनंतर कोपीवर गेली. आमची कोपही कडब्या-पाचटाची असते, कोपीतली ताई. तुमचं नाव वाचून पहिल्यांदा मला तीच आठवली.

तुम्ही ताट म्हणता. फडावरचं ताट म्हणजे पहाटे थापलेली भाकरी, दुपारी तीच, तिखट-मीठ आणि तेल. रेशन कार्ड गावचं. एका कार्डावर देशात कुठंही धान्य मिळतं असं म्हणतात आणि नियम तसा आहेच, पण फड दर आठ-दहा दिवसांनी हलतो, दुकान लांब, अंगठा उमटत नाही, आणि दिवस बुडाला तर मुकादम विचारतो. मग किराणा दुकानातून उधारीवर पीठ. फुकटचं पाच किलो धान्य गावात पडून आणि माणूस विकतचं खातोय.

माझं वीस वर्षांनंतरचं स्वप्न सोपं आहे. कोयता गावात राहावा. जो माणूस दिवसभर ऊस तोडतो त्याला आपल्याच गावात ज्वारी काढायला पुरेशी मजुरी मिळावी. मांजराकाठ दादांना माणूस मिळत नाही आणि आमच्या माणसाला गावात काम मिळत नाही, हे दोन्ही एकाच मराठवाड्यात कसं काय?

आत्या_निलंगा

लेकरा, तुझ्या बहिणीचं वय काय आता?

कोयता_गेवराई

वीस. दोन मुलं आहेत. ती पण फडावरच आहे.

गायरान_केज

कोयता भावानं दार उघडलंय तर आत येतो. वरचे जवळपास सगळे प्रतिसाद "आमच्या रानात", "आमच्या नऊ एकरांत" असे सुरू होतात. ज्यांचं रान नाही त्यांचं काय?

माझ्या आजोबांनी गायरानाचे अडीच एकर दगड वेचून वहितीखाली आणले. तिथं काय पेरायचे? ज्वारी, मटकी, तूर. खायचं पीक, कारण विकण्याइतकं यायचंच नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या चळवळीपर्यंत मराठवाड्यातला दलित माणूस जमीन मागत आलाय ती मुळात भाकरीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय १९९१ चा. आमचं नाव अजून सातबाऱ्यावर नाही, वडील खेटे घालता घालता थकले. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, अतिवृष्टीत रान खरडून गेलं तरी पंचनामा नाही.

आणि ती "पूर्वीची" शेती. आत्यांचा मान राखून सांगतो, त्या बळदातलं धान्य आमच्या वाट्याला मागून यायचं. खळ्यावर उभं राहून. माझ्या आजीला ती आठवण गोड नाही. न्याय्य ताट म्हणजे मागावं लागणार नाही असं ताट, मग त्यात ज्वारी असो की गहू.

आत्या_निलंगा

खरं आहे बाबा. आमच्या खळ्यावरही लोक उभे राहायचे. मी लहान होते, पण लहान होते म्हणून दिसत नव्हतं असं नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस.

बालाघाटचा

मी वर चेष्टा केली होती. आता नुसता वाचतोय. लिहीत राहा सगळे.

सुगरण_नांदेड

मधेच एक विचारू का? भज्जीत बेसन घालताना गुठळ्या होतात, तुमच्याकडं काय करता? आणि उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) ज्वारीचे की बाजरीचे? आमच्याकडं नांदेडच्या ह्या टोकाला येळवस तेवढी नाही, सून लातूरची आल्यापासून सुरू झाली.

आत्या_निलंगा

बेसन आंबट ताकात कालवून घ्या, मग हळूहळू सोडा आणि हात थांबवू नका. उंडे बाजरीचे, थंडी असते ना. ज्वारीचेही चालतात. चिंचेचा कोळ शेवटी.

काळी_भुई

तुळजापूरकडच्या बचत गटांसोबत मी सहा वर्षं काम करते, म्हणून कोपीतलीला थेट उत्तर देते.

आमच्या भागात आणि लातूरकडं स्वयम शिक्षण प्रयोग ह्या संस्थेनं बायकांसोबत एक एकराचा नमुना उभा केला. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली: भाज्या, कडधान्य, ज्वारी-बाजरी, सेंद्रिय खत, घरचं बी. संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, पण मी सांगते ते पुरस्काराचं नाही. दुष्काळात ज्या घरांत असा तुकडा होता तिथं नगदी पीक गेलं तरी चूल पेटत होती. हे मी अनेक उंबऱ्यांवर पाहिलंय.

सगळ्यात अवघड काय असतं? बी मिळवणं नाही, पाणी मिळवणंही नाही. नवऱ्याकडून आणि सासऱ्याकडून तो अर्धा एकर मागणं. बाया वर्षानुवर्षं त्याच रानात खुरपतात आणि अर्धा एकर मागताना आवाज फुटत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं सरकारी परिपत्रक १९९२ चं. आज मी बैठकीत हात वर करायला सांगते, "जमीन कुणाच्या नावावर?" पन्नास बायांत पाच-सहा हात वर येतात.

आणि मेसच्या डब्या, तुझा हिशेब पक्का आहे, पण शंभर भाकऱ्या थापणार कोण? चुलीपुढं दोन-अडीच तास एका बाईचे हात. त्या हातांचा भाव तुझ्या तीस क्विंटलमध्ये धर. सोलापूरच्या बायांनी कडक भाकरीचा धंदा उभा केला तेव्हा थापणाऱ्या हाताला दाम मिळाला. लातुरात का नाही?

मेसचा_डबा

धरला नव्हता. चूक झाली. आमच्या मेसच्या काकूंना संध्याकाळी विचारलं, "भाकरी रोज का नाही?" त्या म्हणाल्या, "बाळा, मनगट दुखतंय. आणि पोळीचे जेवढे देता तेवढेच भाकरीचे देता." भाकरीमागं दोन रुपये वेगळे, थापणारीच्या हातात, असं मी आमच्या खोलीतल्या सहा जणांना विचारलं. पाच जण हो म्हणाले. सहावा परीक्षेनंतर सांगतो म्हणाला.

परभणीची_माती

रेशनचं राहून गेलं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ, गव्हाबरोबर भरडधान्यही आहे, त्याचा दर किलोला एक रुपया लिहिला होता; २०२३ पासून धान्य मोफतच आहे. म्हणजे आमच्या दुकानात ज्वारी मिळावी हे कायद्याबाहेरचं मागणं नाही. सीमेपलीकडं कर्नाटकात उत्तरेला रेशनवर ज्वारी, दक्षिणेला नाचणी देतात. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ मध्ये क्विंटलला ३७४९ रुपये होता, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तो नुसता आकडा. सरकारनं ह्याच जिल्ह्यात ज्वारी घेऊन ह्याच जिल्ह्यातल्या दुकानांत, शाळेच्या खिचडीशेजारी आणि अंगणवाडीत दिली, तर मांजराकाठ दादांना भावाची खात्री आणि गायरान भावाच्या घरी हक्काची भाकरी, दोन्ही एकाच पोत्यातून.

गायरान_केज

हे पटलं. फक्त चांगली ज्वारी द्या. मधे आमच्याकडं काही महिने आली होती, तिला टोके लागलेले. गरिबाला किडकी आणि पुण्याला हुरडा, असं होऊ नये.

पुण्यातला_लातूरकर

गायरान भाऊ, मी पुण्यातून हेच शिकतोय. ॲपचा विषय बाजूला ठेवतो. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्याच्या प्रकरणाचे कागद बघायला माझी वकील मैत्रीण तयार आहे, पैसे न घेता. निरोप पेटीत लिहितो.

कोपीतली

चार दिवस सगळं वाचत होते, एकदा आईला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. कोयता भावाचं वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "आपल्या उसाला येणारे लोक पण कुठून तरी येतात की." आमचा दोन एकर ऊस आहे. ते मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं नव्हतं. मुद्दाम नाही, पण लिहिलं नव्हतं.

काल रात्री बाबांशी बोलले. काळी भुई ताई, आवाज माझाही फुटत नव्हता. बाबा आधी हसले, मग म्हणाले, "अर्धा एकर घेऊन काय करायलीस? वाटाणे लावायलीस का?" मी म्हटलं, "वाटाणेच लावायचेत." आई मधे बोलली. ती बाबांसमोर शेतीचं कधी बोलत नाही. म्हणाली, "चिंचेखालचा तुकडा द्या, तिथं तुमचं ट्रॅक्टर नीट वळत पण नाही."

मिळाला. जूनपासून. आईच्या निर्णयाखाली, मी शनिवार-रविवार. ऊस पुढच्या खोडव्यानंतर मोडायचा की नाही ह्यावर भांडण झालं, ते अजून चालू आहे. सातबाऱ्याचं अजून काढलेलं नाही, एका रात्रीत एवढंच झालं.

आता मला बी हवंय. वाल, पावटा, चुका, अंबाडी आणि जुनी करडई. पाकिटातलं नको, दरवर्षी धरता येईल असं.

मांजराकाठ

करडई माझ्याकडं आहे, शेर दीड शेर देतो. ज्वारी पेरणार असाल तर मला आधी सांगा, मीही त्याच आठवड्यात पेरतो. दोन रानं झाली की पाखरं वाटून जातील.

कोयता_गेवराई

आई मार्चअखेर परतेल. तिच्याकडं अंबाडीचं बी आहे, आजीच्या वेळचं. ती फडावरही डब्याच्या झाकणात थोडं नेते आणि कोपीशेजारी टाकते, भाजीला. विचारून सांगतो.

आत्या_निलंगा

वाल माझ्याकडं आहेत गं, काळ्या डोळ्याचे. राखेत ठेवलेत. निलंग्याच्या स्टँडवर कुणाला तरी पाठव, नाहीतर मी लातूरला दवाखान्यात येते तेव्हा देते.

कोपीतली

आत्या, मीच येते. वाल वेलाचे की बुटके?

आत्या_निलंगा

वेलाचे. चिंचेवर सोड, चढतील.